एका अश्वशक्तीचा ध्यास

मुंबई ते ठाणे आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. शहरातील पहिल्या कापडगिरणीचा भोंगा वाजण्यास १८५६ साल उजाडावे लागले, तर रस्त्यांवर गॅसचे दिवे उजळले १८६५ साली. मुंबईचे यंत्रयुग सर्वसाधारणपणे येथून सुरू झाले, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण या सगळ्याच्या वीस-पंचवीस वर्षे अगोदर, विशीतल्या एका पारशी तरुणाने केवळ स्वतःच्या हौसेखातर एक अश्वशक्तीचे छोटेखानी वाफेचे यंत्र बनवले होते आणि त्याला विहिरीचे पाणी चढवण्याच्या कामाला जुंपले होते. त्या तरुणाचे नाव अर्देशीर खुर्शेटजी वाडिया. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. मात्र त्या सन्मानाचे मूळ ज्या छोट्या यंत्रात होते, त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला, तो जहाजबांधणीत मुरलेल्या घराण्यात. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीचे कुलमुखत्यारच बनले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी मलबारी सागवानाची जी जहाजे बांधली, त्यांचा दबदबा सातासमुद्रापार पोहोचला होता. १८१० साली ब्रिटिश आरमारासाठी बांधलेले ‘मिंडेन’ आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ ही त्यांतली दोन ठळक नावे. ‘ट्रिंकोमाली’ तर दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकूड निवडावे कसे, वाळवावे किती, फळीला फळी कशी बसवावी, हे ज्ञान वाडियांच्या घरात बापाकडून मुलाकडे जात असे. त्यासाठी ना पुस्तक लागे ना प्रमाणपत्र. अर्देशीर यांचे वडील खुर्शेटजी रुस्तुमजी पुढे गोदीचे मुख्य जहाजबांधणीकार झाले. मुलगाही त्याच वाटेने जाणार हे गृहीतच होते. त्यानुसार १८२२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, अर्देशीर गोदीत दाखल झाले.

पण काळ फिरत होता. १८२९ साली याच मुंबई गोदीत ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट बांधण्यात आली. तिचे लाकडी अंग वाडियांच्या हातचे, परंतु पोटातली ८०-८० अश्वशक्तीची दोन यंत्रे इंग्लंडहून आलेली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि ३३ दिवसांनी सुएझला पोहोचली. वाऱ्याची मर्जी न सांभाळता तांबड्या समुद्रातून जाणारी ती पहिली आगबोट. कोळसा इतका लागे की, उतारूंच्या खोल्यांतही त्याचे ढीग रचावे लागले होते. कंपनीच्या हिशेबनिसांना हा खर्चाचा डोंगर वाटला असेल. पण एकवीस वर्षांच्या अर्देशीर यांच्या पिढीला त्यात येणाऱ्या काळाची चाहूल ऐकू येत होती. जहाजाचा सांगाडा कितीही सुबक असो, त्याला चालवणारे हृदय आता लोखंडाचे असणार होते. आणि ते हृदय कसे घडते, हे मुंबईच्या गोदीत कोणालाही शिकवले जात नव्हते. मोडले तर ते दुरुस्त करणारी माणसेही इंग्लंडहूनच येत.

अर्देशीर यांनी मग हाती असलेल्या एकमेव मार्गाने हे ज्ञान मिळवण्याचे ठरवले. तो मार्ग म्हणजे स्वतः यंत्र बनवून पाहणे. आज शनिवार-रविवारी घरच्या लेथवर हातभर लांबीचे इंजिन घडवणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्यापाशी मोजमापाची अचूक साधने असतात, तयार आराखडे असतात, बाजारात हवा तो धातू मिळतो. १८३०च्या दशकाच्या आरंभीच्या मुंबईत असा बाजारच नव्हता. या शहरातले पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ जानेवारी १८३२मध्ये निघाले, एवढ्यावरून त्या काळाची कल्पना यावी. अशा शहरात वाफेचे यंत्र घरगुती खटपटीतून उभे करणे म्हणजे पहिल्या खिळ्यापासून सुरुवात करण्यासारखे होते.

यंत्र लहान म्हणजे काम सोपे, असा एक सर्वसाधारण समज असतो. वाफेच्या बाबतीत तो सपशेल खोटा ठरतो. एखादा सिलिंडर सर्व बाजूंनी निम्मा केला तर त्यात मावणारी वाफ एक-अष्टमांश होते. पण ती वाफ ज्या धातूला टेकते त्या भिंतींचे क्षेत्रफळ मात्र एक-चतुर्थांशच राहते. म्हणजे थोड्या वाफेला तुलनेने दुप्पट गार भिंत मिळते. काम करण्याआधीच वाफेचे पाणी होऊ लागते. ग्लासगो विद्यापीठात १७६३-६४च्या सुमारास जेम्स वॉट यांच्याकडे दुरुस्तीला आलेला न्यूकोमेनच्या यंत्राचा छोटा नमुना याच कारणाने अडत होता. दोन इंच व्यासाच्या त्या सिलिंडरला पुरेशी वाफच मिळेना. दोन-चार हेलकावे खाऊन तो थांबत असे. ते कोडे सोडवता सोडवता वॉट यांनी वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडण्याची युक्ती शोधली आणि इतिहास बदलला. लहान यंत्र हे असे परीक्षा पाहणारे असते. मोठ्या यंत्रात खपून जाणारी चूक लहान यंत्रात लपत नाही.

दुसरी अडचण कारागिरीची होती. लाकूड माणसाला सांभाळून घेते. दोन फळ्यांमध्ये केसभर फट राहिली तर ती भरून काढता येते. जहाज पाण्यात उतरले की लाकूड फुगते आणि सांधा आणखी घट्ट बसतो. धातूला ही माया नसते. सिलिंडरचा आतला भाग वरपासून खालपर्यंत एकसारखा गोल हवा. तो कुठे किंचित लंबगोल असला तर एका ठिकाणी दट्ट्या अडकतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या कडेने वाफ निसटते. त्या काळी चरबीत भिजवलेला तागाचा दोर दट्ट्याभोवती गुंडाळून ही फट बुजवीत. पण दोर सैल झाला तर जोर जातो आणि आवळला तर घर्षणातच सारी शक्ती संपते. वाफ आत सोडणारी झडप क्षणभर लवकर वा उशिरा उघडली की यंत्र स्वतःशीच भांडू लागते. बॉयलरचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडायचे, आणि जोडणीत दोष राहिला तर तो केवळ गळतीवर भागत नसे. फुटलेला बॉयलर माणसाचा जीव घेई. सागवानात मुरलेल्या घराण्यातल्या हातांना ही नवी शिस्त पहिल्यापासून शिकावी लागणार होती.

हे सारे पार करून अर्देशीर यांनी आपले यंत्र चालते केले. एक अश्वशक्ती हा आकडा आज क्षुल्लक वाटतो. सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा साधा विजेचा पंपही तेवढा असतो. पण हिशेब करून पाहिला तर तीस फूट खोलीवरून मिनिटाला सुमारे ५०० लिटर पाणी वर आणण्याएवढी ही ताकद होते. घर्षणात आणि गळतीत त्यातला निम्मा भाग गेला असे धरले, तरी उरलेले काम बैलांच्या मोटेला लाजवणारे होते. मोट हाकणारा गडी नाही, बैल नाही, आणि विहिरीचे पाणी आपसूक वर येते आहे, हे दृश्य त्या काळच्या मुंबईकरांना नवलाचे वाटले असल्यास आश्चर्य नाही. अर्देशीर यांना त्यातून वेगळेच काही मिळाले होते. बाहेरून पाहिलेले यंत्र आणि आतून कळलेले यंत्र यांतले अंतर त्यांनी ओलांडले होते.

या यशाने त्यांची भीड चेपली. १८३३ साली, पंचविसाव्या वर्षी, ते सहायक जहाजबांधणीकार म्हणून माझगावला गेले. तेथे त्यांनी ‘इंडस’ हे ६० टनांचे छोटे जहाज बांधले आणि त्यात वाफेचे यंत्र बसवले. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, माझगावचा त्यांचा बंगला आणि भोवतालची बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून निघाली. हा गॅस तयार करण्याची सामग्री त्यांनी देशी कारागिरांच्या मदतीने उभारली होती. शहराच्या रस्त्यांवर असे दिवे यायला अद्याप ३१ वर्षे अवकाश होता. विरोधही कमी झाला नाही. पण अर्देशीर मागे हटले नाहीत. घरातच त्यांनी लहानशी ओतशाळा थाटली. नव्यानेच उभ्या राहिलेल्या एल्फिन्स्टन संस्थेत यंत्रविद्या आणि रसायनशास्त्र शिकवण्याच्या कामातही त्यांनी काही काळ लक्ष घातले. १८३७ साली रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना अनिवासी सदस्य करून घेतले.

तरीही आपल्या विद्येची सीमा ते ओळखून होते. एक अश्वशक्तीचे यंत्र घरी बनवता येते. शेकडो अश्वशक्तींची सागरी यंत्रे पाहायची, तर ती जेथे घडतात तेथे जाणे भाग होते. १८३९ साली ते स्वखर्चाने इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तांबडा समुद्र, मग इजिप्तमधला खुष्कीचा रस्ता आणि पुढे भूमध्य समुद्र असा तो प्रवास होता. त्या प्रवासाची आणि इंग्लंडमधल्या मुक्कामाची त्यांची इंग्रजी दैनंदिनी १८४० साली लंडनमध्येच पुस्तकरूपाने निघाली. तेथे त्यांनी गोद्या पाहिल्या, यंत्रांचे कारखाने पाहिले, नामवंत अभियंत्यांशी ओळखी केल्या. व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातही ते जाऊन आले. पण या पाहुणचारापेक्षा कारखान्यांतल्या भट्ट्यांपाशी उभे राहण्यातच त्यांना अधिक गोडी होती. मुंबईत एकट्याने चाचपडत जे केले, ते येथे शेकडो हात मिळून कसे करतात, हे त्यांना पाहायचे होते.

या अभ्यासाचे फळ लगेच मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या आपल्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रसामग्रीचे निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक केली. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या हाताखाली एक मुख्य सहायक, चार युरोपीय फोरमन, सुमारे शंभर युरोपीय अभियंते व बॉयलर बनवणारे आणि दोनशेच्या आसपास देशी कारागीर होते. एका हिंदी माणसाने इंग्रजांना हुकूम सोडायचे, ही गोष्ट त्या काळी साऱ्यांनाच रुचणारी नव्हती. मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्राने तर देशी माणूस कितीही शिकलेला असला तरी तो इंग्रजांवर अधिकार चालवण्यास लायक ठरेल काय, अशी उघड शंका घेतली. त्या शंकेला उत्तर द्यायला अर्देशीर यांच्यापाशी पदवीचा कागद नव्हता. होते ते हातांत उतरलेले ज्ञान. ते पद त्यांनी पुढली सोळा वर्षे सांभाळले, यातच उत्तर आले.

पदभार घेतल्यानंतर दोनच महिन्यांत, २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची सदस्य म्हणून निवड केली. त्या काळी या संस्थेत शास्त्रज्ञांबरोबर उमराव आणि आश्रयदातेही सहज सामावले जात. केवळ वैज्ञानिक कर्तृत्वावर निवड करण्याची कडक पद्धत १८४७च्या सुधारणांनंतर रूढ झाली. पण अर्देशीर यांच्या नावाची शिफारस होताना त्यांच्या कुळाची किंवा संपत्तीची मातब्बरी पुढे करण्यात आली नाही. गॅसचे दिवे, वाफेवर चालणारे जहाज आणि स्वखर्चाने केलेला अभ्यास, याच गोष्टी तेथे नमूद झाल्या. त्यांच्यानंतर हा मान दुसऱ्या भारतीयाला मिळण्यास तब्बल ७७ वर्षे जावी लागली. तो भारतीय म्हणजे श्रीनिवास रामानुजन, आणि ते साल १९१८.

वाफेच्या कारखान्यातल्या नोकरीतही अर्देशीर यांचे कुतूहल थंडावले नाही. १८४९ साली ते अमेरिकेला गेले आणि तेथून लाकूड कापण्याची यंत्रे आणली. शिवणयंत्र, छायाचित्रण, विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा चढवण्याची कला अशा कितीतरी नव्या गोष्टी मुंबईला प्रथम दाखवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची वाफेची नौका पाण्यात उतरवली. शिडांच्या जहाजांनी नाव कमावलेल्या मूळ पुरुषाचे नाव वाफेच्या नौकेला देणे, यात त्या घराण्याच्या एका युगाचा निरोप आणि दुसऱ्याचे स्वागत दोन्ही सामावले होते.

त्या निरोपात एक दुखरी बाजूही आहे. अर्देशीर यांनी ज्या विद्येचा ध्यास घेतला, तीच त्यांच्या घराण्याच्या पिढीजात कलेच्या मुळावर येत होती. वाफेमागोमाग जहाजांची अंगेही लोखंडाची होऊ लागली. सागवान जोखणाऱ्या नजरेला त्यात जागा नव्हती. लोखंडही इंग्लंडचे, यंत्रेही इंग्लंडची आणि बांधणीही तेथलीच. मुंबईच्या गोदीकडे हळूहळू दुरुस्तीचे काम तेवढे उरले आणि १८८०च्या दशकात वाडिया घराण्याची गोदीतली दीर्घ परंपरा संपुष्टात आली. हे संकट अर्देशीर यांनी ओढवले नव्हते. उलट ते सर्वांत आधी ओळखून त्यावरचा एकच शक्य उपाय त्यांनी करून पाहिला होता: येणारी विद्या आपल्याच हाताने घडवायची.

पण तो उपाय एका माणसापुरता राहिला. ज्या कारखान्याचे ते प्रमुख होते, त्याचे काम कंपनीच्या आगबोटींची यंत्रे चालती ठेवणे हे होते. देशी माणसांना नवी यंत्रे घडवायला शिकवणारी शाळा उभारावी, असे सरकारच्या मनात तेव्हा नव्हते. मोठ्या कारखान्याचा अधिकार मिळाला, तरी छोट्या यंत्राने जी वाट दाखवली होती ती रुंद झाली नाही. भारतात रेल्वेचे इंजिन तयार झाले ते १८९५ साली, अजमेरच्या कारखान्यात. अर्देशीर यांच्या एका अश्वशक्तीपासून तेथवर यायला साठ वर्षे लागली.

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. तो उठावाचा काळ होता; कंपनी सरकारचे दिवस भरत आले होते. काही वर्षांनी कामाने त्यांना पुन्हा हाक दिली. १८६१ साली कराची ते कोटरी रेल्वे सुरू झाली आणि तेथून पुढे सिंधू नदीतून आगबोटींनी माल व उतारू नेण्याची व्यवस्था उभी राहू लागली. या आगबोटींची आणि कोटरीच्या कर्मशाळांची जबाबदारी अर्देशीर यांनी स्वीकारली. तिशीच्या आत ज्या नदीचे नाव आपल्या पहिल्या वाफेच्या जहाजाला दिले होते, त्याच नदीवर पन्नाशीत त्यांना आगबोटी चालवाव्या लागल्या, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा.

आयुष्याचा अखेरचा काळ त्यांनी इंग्लंडमध्ये काढला. तेथे त्यांचा दुसरा संसार होता. १८६८पासून लंडनजवळच्या रिचमंड येथे त्यांचे वास्तव्य होते. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या शहराला त्यांनी गॅसच्या उजेडाची पहिली ओळख करून दिली, ते शहर तोवर गिरण्यांच्या धुराड्यांनी गजबजले होते. त्या धुराड्यांखालची यंत्रे आगबोटींनी आलेली होती, आणि त्यांना घडवण्याची विद्या अजूनही आगबोटींच्या पलीकडच्याच देशात होती. भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी, रॉयल सोसायटीतील निवडीच्या तारखेचे औचित्य साधून, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

अर्देशीर यांच्या चरित्रात मानमरातब पुष्कळ आहेत. त्यांतला प्रत्येक मान कोणीतरी दिलेला आहे. कधी कंपनीने, कधी लंडनच्या विद्वानांनी, कधी टपाल खात्याने. विहिरीवरचे ते छोटे यंत्र मात्र त्यांना कोणी दिलेले नव्हते. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नव्हती, त्याला कोणाचा पगार नव्हता आणि ते बिघडले तर दुरुस्तीला इंग्लंडहून माणूस बोलवायचीही गरज नव्हती. पुढे जे काही घडले, त्याचा पाया त्या एका अश्वशक्तीतच होता. वस्तू विकत घेतली की तिचा वापर आपल्या हाती येतो. ती घडवली की तिचे मर्म हाती येते, हे या शहरात त्यांनी सर्वांच्या आधी ओळखले. त्यांच्यामागून तशी शंभर यंत्रे मुंबईच्या वाड्यांतून आणि बंगल्यांतून उभी राहिली असती, तर पुढची कथा कदाचित वेगळी लिहावी लागली असती.